जुळे सोलापुरातलं पत्र्याचं शेड आणि दाजींचा टेबल सॉ

ताईचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो, म्हणाली लवकर ये, दाजींना लागलेलं नाही पण ये. गेलो तर शेडच्या पत्र्याला आतून बाहेर फुगलेला खड्डा, छातीच्या उंचीवर, आणि खाली पडलेली सागवानाची दोन फुटाची पट्टी. दाजी मागच्या वर्षापासून ज्या टेबलावर लाकूड चिरत होते ते टेबल म्हणजे प्लायचा तुकडा, त्याला खाच पाडून खालून उलटा बसवलेला हातातला कटर, स्विच कायम चालू राहावा म्हणून दोरीनं बांधलेला, आणि फेन्सच्या, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून ढकलायचं त्या आधाराच्या, जागी सी-क्लॅम्पनं आवळलेली लाकडाची पट्टी. आपल्याकडं निम्मे सुतार साईटवर असंच काम करतात आणि त्यांचे हात सरावलेले असतात म्हणून निभावतं, पण दाजी बँकेत आहेत, सुतारकाम शनिवार-रविवार. पट्टी त्यांच्या कमरेजवळून मागं गेली. चार बोटं इकडं असती तर मी हे लिहितच बसलो नसतो.

त्या दिवसापासून खरेदीपर्यंत साडेतीन महिने गेले आणि त्यात आम्ही काय बघितलं, काय नाकारलं, कुठं चुकलो ते सगळं इथं लिहितोय, कारण घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ (टेबलाच्या खाचेतून गोल ब्लेड वर आलेलं, त्यावर लाकूड ढकलत चिरायचं मशीन) घ्यायचा म्हणलं की जो तो पहिला प्रश्न विचारतो "मोटर किती एचपीची?" आणि माझ्या मते हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे.

आधी पट्टी उडाली का ते सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावरच झाली. गोल ब्लेडचे आपल्याकडचे दात वरून खाली येतात आणि लाकडाला टेबलावर दाबून ठेवतात, तिथं सगळं ठीक असतं. पण ब्लेडच्या मागच्या बाजूला तेच दात खालून वर येत असतात, आणि चिरलेलं लाकूड तिथं चिमटलं किंवा फेन्स मागं थोडा आत वळलेला असल्यामुळं ब्लेडवर दाबलं गेलं की हे मागचे दात लाकूड उचलतात आणि सरळ आपल्याकडं फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. वेग किती असतो बघा, २५० एमएमचं ब्लेड मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरतंय धरलं तर दाताचा वेग ताशी जवळपास १९० किलोमीटर येतो. माणसाला मागं सरकायला वेळच मिळत नाही. दाजींची क्लॅम्पची पट्टी मागच्या टोकाला ३ एमएम आत होती, मी मोजली. त्यात लाकूड जुनं, आतून ताण असलेलं, चिरल्यावर दोन्ही फाका मिटायला लागलेलं. दोन्ही कारणं एकाच वेळी जुळून आली.

आता लाकडाबद्दल, कारण ते या घराचं खास आहे. ताईच्या सासरी पूर्वी हातमाग होते. माग बंद होऊन बरीच वर्षं झाली पण मागाचे खांब, आडवे दांडे, सगळं सागवान माडीवर रचून ठेवलेलं, काही खांब चार इंच चौरस. दाजींचं म्हणणं एकच, हे भंगारात द्यायचं नाही, यातून घरात वापरायच्या वस्तू करायच्या, देव्हारा, चौरंग, दिवाण, भाचीला अभ्यासाचं टेबल. सोबत १९ एमएम प्लायचं थोडं काम. म्हणजे ८०% काम लांबीला चिरायचं, ज्याला रिप कट म्हणतात, आणि टेबल सॉ हे मुळात त्याच कामाचं मशीन आहे. दाजींचं काम जर सगळं प्लायचंच असतं तर मी टेबल सॉ घेऊच दिला नसता, हातातला सर्क्युलर सॉ आणि गाईड रेल घ्या म्हणलं असतं, आठ बाय चारचा बोर्ड छोट्या टेबलावर ढकलत बसणं एकट्या माणसाचं काम नाही.

जागा १४ बाय १० फुटाचं पत्र्याचं शेड, घराच्या मागं. वीज सिंगल फेज. बजेट ब्लेडसकट ७५ हजार, ताईनं ठरवलेलं.

पहिला पर्याय दाजींच्या मनात आधीपासून पक्का होता, रंधा मशीन. फॅब्रिकेटरकडं मिळतं ते, लोखंडी अँगलची बॉडी, वर रंधा, त्याच शाफ्टच्या टोकाला गोल ब्लेड, बाजूला ड्रिल. एका पैशात तीन कामं म्हणून दाजी अगदी खूश. रंधा म्हणून ते मशीन चांगलंच आहे, जुनं लाकूड सपाट करायला तर उत्तम. पण सॉ म्हणून बघितलं तर ब्लेडच्या मागं काहीच नाही, ना रायविंग नाईफ (ब्लेडमागची पोलादी पात, पुढं नीट सांगतो) ना गार्ड (ब्लेडवरचं झाकण), फेन्स एकाच बाजूला बोल्टनं आवळायचा, मोकळं टोक हातानं ढकललं तरी हलतं. ज्या कारणानं पत्र्याला खड्डा पडला तेच कारण दोन एचपी जास्त लावून परत घरी आणायचं. मी नाही म्हणलं. दाजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

दुसरा पर्याय खरं सांगतो माझ्या मनात होता. एक फर्निचरवाले काम बंद करत होते, त्यांच्याकडं जुना कास्ट आयर्नचा सॉ, तीन एचपी थ्री फेज इंडक्शन मोटर, टेबल आरशासारखं. मी कारखान्यात यंत्रमागाच्या मेंटेनन्सला आहे, मला असलं बीडाचं वजनदार मशीन बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. जड टेबल थरथरत नाही, इंडक्शन मोटर कानाला त्रास देत नाही, बेल्ट आणि बेअरिंग बदललं की पुढची वीस वर्षं. थ्री फेजची अडचणही सुटण्यासारखी होती, तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टात करून (मोटरच्या वायरी जोडायच्या या दोन पद्धती) सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीवर, म्हणजे सिंगलचं थ्री फेज करून देणाऱ्या डब्यावर, चालवता येतात. पण त्यालाही रायविंग नाईफ नव्हता, मागं स्प्लिटरची एक पट्टी कधीकाळी असावी असे दोन बोल्टचे भोक फक्त. आणि ते धूड शेडमध्ये एकदा ठेवलं की कायमचं तिथंच, चारही बाजूनं फिरायला जागा नाही. सोडून दिला. अजून आठवण येते.

इथं स्प्लिटर आणि रायविंग नाईफ यातला फरक सांगायला पाहिजे कारण दुकानदार सुद्धा दोन्हीला एकच समजतात. दोन्ही म्हणजे ब्लेडच्या मागं उभी असलेली पोलादी पात, चिरलेल्या फाका मिटू नयेत आणि लाकूड मागच्या दातांवर जाऊ नये म्हणून. स्प्लिटर एका जागी ठाम असतो, ब्लेड खाली केलं की तो आणि ब्लेड यांच्यात मोठं अंतर पडतं आणि त्या अंतरातच घोटाळा होतो. रायविंग नाईफ ब्लेडसोबत वर-खाली होतो, ब्लेड तिरकं केलं की तोही तिरका होतो, दातांपासून काही एमएमवर कायम. माझी अट पहिल्यापासून हीच होती, खरा रायविंग नाईफ नसेल तर तो सॉ फुकट दिला तरी नको.

भाचीनं मध्येच मोबाईलवर सॉसेज कापायला जातात आणि ब्लेड जागेवर थांबतं तो व्हिडिओ दाखवला आणि विचारलं मामा हा का नाही घेत. प्रश्न अगदी बरोबर होता. ते तंत्र सॉस्टॉपचं, स्टीफन गॅस नावाच्या अमेरिकन माणसानं १९९९ मध्ये काढलेलं, ब्लेडमध्ये बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, बोट लागलं की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ब्रेक ब्लेडच्या दातात घुसतो, ५ मिलिसेकंदाच्या आत ब्लेड थांबतं. ब्रेकचं कार्ट्रिज त्यात संपतं आणि बहुतेक वेळा ब्लेडही, पण बोट राहतं. २०१७ मध्ये फेस्टूलच्या मूळ कंपनीनं सॉस्टॉप विकत घेतली. अमेरिकेत टेबल सॉनं जखमी होऊन दवाखान्यात जाणाऱ्यांचा अंदाज वर्षाला ३० हजारांच्या आसपास सांगतात, त्यामुळं तिथं हे सक्तीचं करावं यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. आमच्या बजेटमध्ये आणि आम्ही फिरलो त्या दुकानांत तो नव्हता. असता तर मी ताईला बजेट वाढव म्हणून भांडलो असतो. मात्र तो ब्रेक बोट वाचवतो, किकबॅक थांबवत नाही, तिथं रायविंग नाईफच लागतो.

मग राहिले ते पोर्टेबल सॉ, १० इंची ब्लेडवाले, अॅल्युमिनियमचं टेबल, युनिव्हर्सल मोटर. सोलापुरात नव्या पेठेत आणि इतर ठिकाणी चौकशी केली, बऱ्याच जणांनी मागवून देतो म्हणलं पण चालू करून बघायला मशीन समोर नव्हतं, आणि न बघता मला घ्यायचा नव्हता. म्हणून एका शनिवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, डब्यात ताईनं दिलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि पिशवीत माझी मापाची हत्यारं, गुण्या, दीड फुटी स्ट्रेट एज, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं). दुकानातला मुलगा डायल बघून थोडा दचकला पण मालक समजूतदार निघाले, म्हणाले बघा हवं तेवढं.

पहिला धडा तिथंच मिळाला. डायलचा मॅग्नेट स्टँड टेबलाला चिकटेना, कारण टेबल अॅल्युमिनियमचं! मग दुकानातल्याच एका लाकडी पट्टीवर डायल स्क्रूनं बसवला, ती पट्टी टेबलावरच्या मायटर खाचेत (ब्लेडला समांतर असलेली लांब खाच) घट्ट सरकेल अशी केली आणि त्या खाचेवरून मापं घेतली. मायटर खाच हाच सगळ्याचा आधार धरायचा. ब्लेडच्या एका दातावर मार्करनं खूण करायची, तो दात पुढं आणून खाचेपासून अंतर बघायचं, ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागं न्यायचा आणि परत बघायचं (मशीनची पिन काढूनच हे करायचं). तोच दात वापरायचा म्हणजे ब्लेड थोडं वाकडं असलं तरी मापात घोळ येत नाही. डायल नसेल तर गुण्याची पट्टी दाताला हलकी टेकवून बघितलं तरी ०.२ एमएमपर्यंतचा फरक कानाला कळतो, खरवडल्याचा आवाज एका ठिकाणी येतो आणि दुसरीकडं येत नाही.

ब्लेड जागचं हललेलं असेल तर बोल्ट ढिले करून नीट करता येतं, म्हणून त्यावरून मी सॉ नाकारत नाही. फेन्सचं तसं नाही. ती पट्टी दर वेळी लॉक केल्यावर ब्लेडला समांतरच बसली पाहिजे, दहा वेळा काढून दहा वेळा. तीन मशीनवर तेच केलं. फेन्स सरकवायचा, लॉक करायचा, खाचेपासून पुढं आणि मागं माप, परत सोडायचा. एका मशीनवर दर वेळी वेगळं माप, कधी मागं अर्धा एमएम आत, कधी एक एमएम बाहेर, आणि लॉक केल्यावर मागच्या टोकाला अंगठ्यानं दाबलं तर नजरेला दिसेल एवढा हलला. मोटर मात्र त्याचीच सगळ्यात मोठी होती आणि दाजींची नजर त्याच्यावरच. मी दाजींना म्हणलं तुम्हीच दाबून बघा. त्यांनी दाबला, परत दाबला, आणि मग काही बोलले नाहीत, पण पुढच्या मशीनवर पहिला हात त्यांनी फेन्सलाच लावला.

शेवटी घेतला तो डिवॉल्टचा डीडब्ल्यूई ७४९२. त्याचा फेन्स रॅक आणि पिनियनवर चालतो, म्हणजे पुढं आणि मागं दोन्ही बाजूंना दात असलेल्या पट्ट्या, एक नॉब फिरवला की दोन्ही टोकं बरोबरीनं सरकतात, त्यामुळं तिरका बसायला वावच कमी. माझ्या दहा मापांत ०.१ एमएमच्या वर फरक आला नाही. २,००० वॉटची मोटर, ब्लेड २५० एमएम आणि भोक ३० एमएम, सरळ कटची खोली ७७ एमएम, फेन्स ब्लेडपासून ८२५ एमएमपर्यंत जातो म्हणजे दोन फुटी कपाटाच्या बाजू आरामात निघतात. आवाज मात्र भयंकर, युनिव्हर्सल मोटर म्हणजे मिक्सरचा मोठा भाऊ, कानाला मफ लावल्याशिवाय चालूच करायचा नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं, दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर बंद.

७७ एमएम खोली म्हणजे मागाचा चार इंची खांब एका फेरीत चिरत नाही. दाजी म्हणाले उलटून दोन्हीकडून चिरू. मी अडवलं, कारण आरपार नसलेल्या कटला वरचं गार्ड काढावं लागतं, लाकूड जड, आणि माणूस शिकाऊ. त्यापेक्षा खांब वखारीतल्या पट्टी आऱ्यावर नेऊन दोन इंचाच्या फळ्या काढून आणल्या. तिथले मिस्त्री आधी खिळे काढा म्हणून अडून बसले आणि ते बरोबरच होतं. घरी येऊन स्पीकरचं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक दांडा तपासला, एका दांड्यात आत मोडलेले तीन खिळे निघाले, वरून काहीही दिसत नव्हतं.

वायरिंगचा भाग बऱ्याच जणांना कंटाळवाणा वाटतो पण माझा पिंडच तो. शेडमधलं पॉइंट स्वयंपाकघराच्या सॉकेटवरून ओढलेलं, दीड स्क्वेअर एमएमची वायर, जवळपास २५ मीटर. जाऊन-येऊन ५० मीटर तांबं म्हणजे साधारण ०.६५ ओहम. सॉ ८-९ अँपिअर घेतो तेव्हा पाच-सहा व्होल्ट वायरीतच जातात, आणि सुरू होताना करंट तिप्पट झाला तर पंधराच्या वर. त्यात सोलापूरचा उन्हाळा, घराघरात कूलर आणि एसी, एप्रिलच्या दुपारी मी मीटरपाशीच २०६ व्होल्ट मोजले. अशा वेळी मोटर दमते, ब्लेड हळू होतं, आणि माणूस नकळत जोरात ढकलायला लागतो, तिथून पुढं काय होतं ते पत्र्यावर दिसतंच आहे. म्हणून मीटरपासून वेगळी चार स्क्वेअरची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग. हा खर्च सॉच्या बजेटमधूनच काढला, आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की तो बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

ब्लेडच्या बाबतीत एक चूक माझी झाली. सोबत आलेलं ब्लेड मधल्या कामाचं. लांबीला चिरायला कमी दात लागतात, २४ दातांचं, भुसा बाहेर पडायला मोठ्या फटी. प्लायला आणि आडव्या कटला ६० दातांचं, नाहीतर सनमायकाचे टवके उडतात. मी २४ दातांचं स्वस्तातलं पातळ ब्लेड आणलं आणि ते बसवल्यावर लाकूड निम्म्यात येऊन अडकलं. कारण असं की रायविंग नाईफ ब्लेडच्या चिरेपेक्षा थोडा पातळ आणि ब्लेडच्या पातीपेक्षा थोडा जाड असावा लागतो, आणि माझ्या ब्लेडची चीर नाईफपेक्षाही बारीक होती. नाईफवर त्याची जाडी कोरलेली असते, मी वाचलीच नव्हती. असं झालं की लोक नाईफ काढून टाकतात. आम्ही ब्लेड परत केलं. अजून एक, सागवानात सिलिका असते त्यामुळं धार लवकर जाते, कार्बाइड टिपचं ब्लेड असलं तरी जाते, म्हणून चांगलं एक ब्लेड घ्या आणि धार लावून घेत राहा.

भुशाकडं आम्ही उशिरा बघितलं. लाकडाचा भुसा हा कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलेला आहे, आणि दाजी तोंडाला रुमाल बांधून काम करत होते. आता मास्क आणि व्हॅक्युम. सॉचं तोंड ६३ एमएम आणि व्हॅक्युमचा पाईप बारीक, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा लावून जोडलंय, चांगलं चालतं.

पहिले चार रविवार मी प्रत्येक कटला शेजारी उभा राहिलो. ब्लेड लाकडाच्या वर फक्त दाताच्या उंचीइतकं. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडं. हातमोजे नाहीत, शर्टाची बाही दुमडलेली, गळ्यात काही नाही. लाकूड फेन्सला किंवा मायटर गेजला (आडव्या कटसाठी खाचेत सरकणारा आधार) टेकलेलं पाहिजे, नुसत्या हातावर कधीच नाही, आणि आडवा कट घेताना दोन्हींचा एकदम आधार घ्यायचा नाही, तुकडा मध्ये तिरका होऊन अडकतो. हात ब्लेडच्या वीतभर जवळ जायला लागला की ढकलकाठी घ्यायची. ती काठी दाजींनी मागाच्या दांड्यातूनच कापून काढली आणि फेन्सलाच अडकवून ठेवलीय. सोबत आलेलं मायटर गेज ढिलं होतं, त्याऐवजी प्लायचं स्लेड, म्हणजे लाकूड ठेवून ब्लेडवर सरकवायची फळी, केलं, खाचेत सरकायला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या म्हणजे पावसाळ्यात फुगायची भानगड नको.

पाच महिन्यांत एक चौरंग, दोन पाट आणि भाचीच्या टेबलाचे पाय झाले. चौरंग गणपतीला वापरला. ताईच्या सासूबाईंनी त्याच्या कडेवर हात फिरवून ही कुठल्या मागाची बाजू ते ओळखलं, एका दांड्याला वर्षानुवर्षं दोर घासून पडलेली खाच होती, ती दाजींनी मुद्दाम तशीच ठेवलीय.

एक अडचण राहिलीच होती. दिवाणाच्या बाजूसाठी आठ फुटाची फळी चिरायची म्हणजे ब्लेडच्या पुढं आठ फूट आणि मागं आठ फूट लागतात, शेड आहे चौदा फूट. सॉ उचलून अंगणात नेता येतो पण तिथं जमीन सपाट नाही, स्टँड डुलतो, आणि डुलणाऱ्या टेबलावर चिरायचं नाही हे आमचं ठरलंय. त्यामुळं आता जो पत्रा त्या दिवशी फुगला होता तोच टेबलाच्या उंचीला दीड फूट रुंद कापून तिथं झडपेची खिडकी बसवतोय, फळी तिथून बाहेर जाईल आणि बाहेर कढीपत्त्याशेजारी एक रोलर स्टँड उभा राहील. कापायचं काम या रविवारी.